छायाचित्रांचे नामकरण : औषधी द्रव्यांच्या चित्रसंग्रहाची व्यवस्था

औषधी द्रव्याचे नाम आणि रूप यांचे ज्ञान हा चिकित्सेचा पाया आहे, हे आपण विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो आहोत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात गुराखी, मेंढपाळ व अन्य वनवासी औषधींना नामरूपाने ओळखतात असे सांगून, तेवढ्याने त्यांचा योग कळतो असे नव्हे, असेही बजावले आहे. आज आपल्यापैकी अनेकांच्या संगणकात मात्र त्याहूनही मागची अवस्था आढळते. रूप हजारोंच्या संख्येने साठलेले असते आणि नामाचा पत्ता नसतो.

याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने स्वतः घेतला आहे. काही वर्षांपूर्वी लहान फार्मसी चालविणाऱ्या एका वैद्यमित्रांकडे अशोकत्वचेचा माल आला. त्यांना शंका आली व तुलनेसाठी त्यांनी माझ्याकडे खात्रीच्या सालीचे छायाचित्र मागितले. वनस्पती-सहलींमधून जमविलेली सुमारे अठरा हजार छायाचित्रे माझ्यापाशी होती. दोन रात्री शोधल्यावर सालीची चार चित्रे सापडली. त्यांतील दोन खऱ्या अशोकाची, म्हणजे साराका असोकाची, आणि दोन रस्त्याकडेला लावल्या जाणाऱ्या पॉलिअल्थिया लाँगिफोलियाची होती, एवढे आठवत होते; पण कोणती कोणाची, हे सांगता येईना. अखेर माल प्रयोगशाळेत पाठवावा लागला आणि तीन आठवडे उत्पादन थांबले. परीक्षण आवश्यक होतेच. परंतु गोणी दारात उतरवून घेण्यापूर्वीच जी शंका पक्की व्हावयास हवी होती, ती माझ्या अव्यवस्थेमुळे झाली नाही.

सूचक शब्द म्हणजे काय?

डिजिटल छायाचित्राच्या फाइलमध्ये चित्राव्यतिरिक्त काही माहितीही साठविता येते. दिनांक, वेळ व कॅमेऱ्याचा तपशील कॅमेरा स्वतःच नोंदवितो. त्यास एक्झिफ म्हणतात. चित्रात काय आहे, हे मात्र आपणच लिहावयाचे असते. त्यासाठी आयपीटीसी व एक्सएमपी या सर्वमान्य पद्धती आहेत. या माहितीत जे छोटे शब्द आपण जोडतो, ते कीवर्ड म्हणजेच सूचक शब्द होत. एका चित्रास असे कितीही शब्द जोडता येतात व त्यांपैकी कोणत्याही शब्दाने ते चित्र शोधता येते.

ही कल्पना आपणांस परकी नाही. निघंटुकारांनी हेच केले आहे. गुडूचीस छिन्नरुहा, मधुपर्णी, अमृता अशी अनेक नावे देऊन त्यांनी तिच्याकडे जाणारे अनेक मार्ग उघडले. परंतु अमृता हा पर्याय भावप्रकाशात हरीतकी व आमलकी यांनाही आहे. शंखपुष्पी म्हणून कोठे कॉन्व्हॉल्व्ह्युलस, कोठे एव्हॉल्व्ह्युलस, तर केरळात क्लायटोरिया टर्नाटिया घेतली जाते. ब्राह्मी या नावाने बकोपा व सेंटेला या दोन्ही वनस्पती चालतात. म्हणून केवळ पर्यायनामांवर विसंबून संग्रह लावल्यास बाजारातील गोंधळच संगणकात उतरतो.

शब्दांची मांडणी

यासाठी प्रत्येक चित्रास पुढील क्रमाने शब्द द्यावेत.

१. वनस्पतिशास्त्रीय नाव. हा मुख्य शब्द समजावा व तो नेहमी एकाच वर्णलेखनाने लिहावा. ही नावेही कालांतराने बदलतात. वर उल्लेखिलेली पॉलिअल्थिया आता मोनून लाँगिफोलियम या नावाने ओळखली जाते. अशा वेळी जुने नाव पुसू नये, पर्याय म्हणून ठेवावे.

२. संस्कृत व मराठी नावे. गुडूची, गुळवेल.

३. अंग व अवस्था. मूळ, साल, पान, फूल, फळ. तसेच ओले, सुके, भरड.

४. स्थळ व ऋतू.

५. निश्चितीची स्थिती. निश्चित, संदिग्ध किंवा भेसळ यांपैकी एक शब्द, आणि ओळख कोणी पटविली त्याची नोंद.

यांतील पाचवा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. चुकीचे नाव दिलेले चित्र हे नाव नसलेल्या चित्रापेक्षा अधिक घातक असते. शंका असल्यास संदिग्ध असे निःसंकोच लिहावे.

गुळवेलीचे उदाहरण घेऊ. २०२२ मध्ये आयुष मंत्रालयाने टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया व तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांत गल्लत करू नये, असे आवाहन केले. पहिलीचे कांड हिरवट, गाठीविरहित असून त्यातून दुधासारखा स्राव येत नाही. दुसरीचे कांड करड्या रंगाचे, गाठींनी भरलेले असते व स्राव दुधाळ असतो. पाकळ्या पहिलीस सहा, दुसरीस तीन. तेव्हा केवळ पानांचे सुंदर चित्र काढून भागत नाही. कांड, त्याचा ताजा छेद, फूल आणि फळ यांची स्वतंत्र चित्रे घेऊन प्रत्येकास त्या त्या अंगाचा शब्द द्यावा.

संगणक प्रणाली व एक दक्षता

विनामूल्य प्रणालींमध्ये डिजिकॅम उपयुक्त असून ती विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. तीत वर्ग-उपवर्गांच्या उतरंडीने शब्द मांडता येतात. अडोबीची लाइटरूम क्लासिक सशुल्क आहे. तीत एका सूचक शब्दास पर्यायशब्द जोडून ठेवण्याची सोय आहे, जी आपल्या निघंटुपद्धतीस विशेष अनुकूल ठरते.

मात्र अनेक प्रणाली सूचक शब्द प्रथम स्वतःच्या वहीत, म्हणजे डेटाबेसमध्ये ठेवतात. प्रणाली बंद पडली वा संगणक बदलला की वही मागे राहते व चित्रे पुन्हा निनावी होतात. म्हणून शब्द फाइलमध्येच लिहिले जातील अशी निवड प्रणालीच्या मांडणीत करून घ्यावी. परीक्षा सोपी आहे. एक चित्र दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या प्रणालीत उघडावे. शब्द दिसले तर काम बरोबर.

शब्द देवनागरीत लिहावयाचे तर युनिकोडच वापरावे, जुन्या फाँट-आधारित पद्धती टाळाव्यात. जुन्या आयपीटीसी पद्धतीत एका शब्दास ६४ बाइटांची मर्यादा आहे आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्ह साधारणतः तीन बाइट घेते; यास्तव शब्द आटोपशीर असावेत, वाक्ये नसावीत. व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठविल्यास ते लहान होते व आतील माहिती गळून जाते. सहकाऱ्यास पाठविताना ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे.

फार्मसी आणि रुग्णालय

शेड्यूल टी अन्वये फार्मसीस कच्च्या मालाच्या नोंदी ठेवाव्या लागतातच. त्यासोबत प्रत्येक खेपेचे छायाचित्र काढून त्यास द्रव्यनाम, खेप क्रमांक व पुरवठादाराचा सांकेतिक क्रमांक द्यावा. तक्रार उद्भवल्यास क्षणात मागे जाता येते. अर्थात छायाचित्र हे सूक्ष्मदर्शकीय व रासायनिक परीक्षणास पर्याय नव्हे. चूर्णरूप द्रव्याबाबत तर नाहीच.

रुग्णांची चित्रे वनस्पतींच्या संग्रहात कदापि मिसळू नयेत. लेखी संमती घ्यावी, नावाऐवजी केसपेपरचा क्रमांक लिहावा व स्थळाची आपोआप होणारी नोंद बंद ठेवावी. २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला आहे, याचे भान असावे.

प्रारंभ कसा करावा?

सर्व चित्रे प्रथम एका ठिकाणी आणून त्यांच्या तीन प्रती कराव्यात. दोन निरनिराळ्या साधनांवर, त्यांपैकी एक दवाखान्याबाहेर. फोल्डरांना दिनांक व स्थळ एवढेच नाव पुरे. त्यानंतर आजपासूनच्या नव्या चित्रांना त्याच दिवशी शब्द द्यावेत व जुन्यांपैकी रोज पंचवीस घ्यावीत. या गतीने माझ्या संग्रहास जवळजवळ दोन वर्षे लागली. सुमारे चार हजार चित्रांची ओळख पटली नाही. त्यांना संदिग्ध हा शब्द आहे. सालीची ती चार चित्रेही त्यांतच आहेत. खऱ्या अशोकाची साल पुढे मोहोर असलेल्या वृक्षापाशी जाऊन, पान, फूल व खोड एकाच दिवशी टिपून, मी नव्याने नोंदविली.