उशाशी बसलेल्यांचा सल्ला

कायद्यात सोलापूरसाठी एक खुर्ची आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ६६ नुसार प्रत्येक राज्यात दिव्यांगत्वाविषयी एक राज्य सल्लागार मंडळ असावे लागते. त्यावर या विषयातले आणि पुनर्वसनातले पाच तज्ज्ञ असतात. दिव्यांगांच्या संस्था-संघटनांचे दहा प्रतिनिधी असतात, त्यांत किमान पाच स्त्रिया. आणखी पाच सदस्य जिल्ह्यांचे असतात, आळीपाळीने. जिल्हा प्रशासनाने शिफारस केल्याशिवाय या पाचांतली एकही जागा भरता येत नाही. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत अकरा तालुक्यांत जे घडते, ते राज्याच्या मंत्र्यांसमोर बसून सांगायला इथला माणूस पाठवता यावा, अशी सोय संसदेनेच करून ठेवली आहे.

मंडळाचे अध्यक्ष दिव्यांगांचे प्रश्न हाताळणाऱ्या खात्याचे मंत्री असतात आणि सहा महिन्यांतून निदान एकदा बैठक घ्यावीच लागते. दिव्यांगांच्या प्रश्नांवर राज्याला सल्ला देणे, धोरण सुचवणे, निरनिराळ्या खात्यांच्या कामाचा आढावा घेणे ही त्याची कामे. वर्तमानपत्रांत या मंडळाचे नाव क्वचित येते. तहसील कचेरीसमोर हयातीचा दाखला घेऊन उभ्या असलेल्या माणसाला त्याची खबरही नसते. तरी त्या माणसाच्या बँक खात्यात दरमहा किती रुपये येतात, हे ठरताना नेमका असाच सल्ला कामाचा असतो.

एक उदाहरण पुरे. कायदा १९ एप्रिल २०१७ रोजी लागू झाला. त्याच्या कलम २४ मध्ये सामाजिक सुरक्षेची तरतूद आहे आणि तिथे एक अट स्पष्ट लिहिली आहे: इतरांसाठी जशी योजना असेल तशाच योजनेत दिव्यांगांना मिळणारी रक्कम किमान २५ टक्क्यांनी जास्त असली पाहिजे. यामागे साधा हिशेब आहे. डायपर, औषधे, उपचारांसाठीच्या फेऱ्या, रिक्षाचे भाडे, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज, हे सगळे धरले की तेवढ्याच गरिबीत दिव्यांग असलेल्या घराचा खर्च वाढतो.

महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. तिच्यात दिव्यांग आहेत, तशाच विधवा, परित्यक्ता आणि अनाथही आहेत. २०१९ मध्ये अनुदान ६०० रुपयांवरून १००० रुपये झाले आणि २०२३ मध्ये १५०० रुपये. दोन्ही वेळा दिव्यांगांचा आणि इतर निराधारांचा मूळ आकडा एकच राहिला. कायद्याच्या हिशेबाने १५०० ला १८७५ व्हायला हवे होते, म्हणजे दरमहा ३७५ रुपये जास्त. पुढे ऑक्टोबर २०२५ पासून राज्याने दिव्यांगांचे अनुदान २५०० रुपये केले आणि ही अट पूर्ण झाली, किंबहुना ओलांडली गेली. ही वाढ मनापासून स्वागतार्ह आहे. पण कायदा लागू झाल्यापासून मधे आठ वर्षे गेली. केंद्राच्या योजनेत तर आजही तोच घोळ आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनात ८० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला केंद्राचा वाटा ३०० रुपये, आणि त्याच कार्यक्रमातल्या विधवा निवृत्तिवेतनातही ३०० रुपये. २०१२ पासून हा आकडा हललेला नाही.

आठ वर्षांची ही चूक कुणाच्या नजरेस पडायला हवी होती? हे सांगण्यासाठी यंत्रणेचा दुसरा भाग पाहावा लागतो.

कलम ७९ नुसार राज्याला एक आयुक्त नेमावा लागतो. महाराष्ट्रात दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे. आयुक्ताच्या मदतीला या क्षेत्रातल्या तज्ज्ञांची सल्लागार समिती असावी, सदस्य पाचांहून जास्त नसावेत, असे त्याच कलमात आहे. कोणता कायदा, कोणती योजना, कोणती पद्धत या अधिनियमाशी विसंगत आहे हे शोधणे आणि दुरुस्ती सुचवणे हे आयुक्ताचे काम. तक्रार येण्याची वाट न पाहता स्वतःहून शोधायचे. चौकशीत साक्षीदाराला बोलावणे, कागदपत्रे मागवणे यासाठी त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. हक्क डावलल्याच्या प्रकरणात त्याने शिफारस केली की संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कारवाई कळवायची. शिफारस मान्य नसेल तर त्याच तीन महिन्यांत कारणे द्यायची, आणि तक्रारदारालाही कळवायचे. आयुक्ताचा अहवाल विधिमंडळात मांडला जातो. सोबत सरकारने काय केले आणि काय नाकारले, याचे निवेदन जोडावे लागते.

सल्ला देणाऱ्याला उत्तर मिळण्याचा हक्क आहे, ही या कायद्यातली सर्वांत मोलाची गोष्ट. उत्तराची सक्ती नसेल तर चांगल्यात चांगला सल्ला कपाटात जातो.

तरी एक अडचण उरते. पुण्याचे आयुक्तालय योजना राबवते, विशेष शाळांचे कामकाज पाहते आणि हक्क डावलल्याच्या तक्रारींचा निवाडाही तिथेच व्हायचा असतो. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग केला, त्यामुळे कामाला वेग आणि वजन आले. पण विभाग स्वतंत्र झाला म्हणून सल्ला स्वतंत्र होत नाही. योजना चालवणाऱ्याने स्वतःच्याच योजनेची चूक दाखवावी, अशी अपेक्षा करणे त्या अधिकाऱ्यावरही अन्याय आहे. म्हणूनच ते पाच तज्ज्ञ, ते दहा प्रतिनिधी आणि जिल्ह्यांचे ते पाच सदस्य महत्त्वाचे. त्यांचा पगार, बढती, बदली खात्याच्या हातात नसते.

स्कॉटलंडमध्ये दिव्यांग आणि त्यांना सांभाळणाऱ्यांसाठीचे भत्ते तिथल्या सरकारच्या हाती येऊ लागले, तेव्हा २०१७ मध्ये सरकारने याच विषयावर एक स्वतंत्र तज्ज्ञ सल्लागार गट नेमला. जिम मॅकॉर्मिक त्याचे पहिले अध्यक्ष. या गटाने आपला सल्ला मंत्र्यांना लेखी दिला आणि तो लोकांसमोरही ठेवला. गटाच्या नावातच सांभाळणाऱ्यांचा उल्लेख होता. आपल्याकडच्या चर्चेत सर्वांत कमी ऐकू येतो तो याच माणसांचा आवाज.

सोलापुरात ही माणसे शोधायला लांब जावे लागत नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या कुंभारीला विडी कामगार स्त्रियांच्या दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. शेजारी रे नगरची तीस हजार घरांची वसाहत उभी राहिली. त्यातल्या पंधरा हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये दिला गेला. विडी हे घरी बसून करायचे काम. कारखान्यातून पान-तंबाखू आणायची, विड्या वळायच्या, मोजून द्यायच्या आणि हजारामागे मजुरी घ्यायची. ज्या घरात सेरेब्रल पाल्सी झालेले मूल आहे किंवा अर्धांगवायूने पडलेला नवरा आहे, तिथल्या बाईला हे काम सोयीचे वाटते, कारण उशाशी बसून करता येते. पण हात सुपात आणि लक्ष अंथरुणाकडे अशा दिवसात हजार पूर्ण होत नाही. कूस बदलायची, भरवायचे, न्हाऊ-माखू घालायचे, आकडी आली तर सगळे टाकून धावायचे. तिच्या या कामाची नोंद कोणत्याही हजेरीपत्रकात नाही.

उलट तिची उरलीसुरली कमाई अनुदानाच्या आड येऊ शकते. संजय गांधी योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे, इतरांसाठी २१,०००. पन्नास हजार म्हणजे महिन्याला ४,१६६ रुपये, साऱ्या घराला मिळून. मजुरी करणारी दोन माणसे घरात असली की उत्पन्नाचा दाखला या रेषेच्या वर जायला वेळ लागत नाही. अनुदान २५०० झाले, पण मर्यादा जुनीच राहिली तर वाढीव रक्कम मिळणारी घरे कमी होत जातील. असा मुद्दा आकडेवारीनिशी मांडायला सल्लागार मंडळासारखी दुसरी योग्य जागा नाही.

दुसरा मुद्दा टक्केवारीचा. दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर ४० टक्के असले की माणूस योजनांच्या दारात येतो. यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्रावरची पट्टी ४० च्या खाली पांढरी, ४० ते ७९ पिवळी आणि ८० पासून पुढे निळी. ही टक्केवारी वैद्यकीय मंडळ ठरवते आणि तिची गरज आहेच. पण पोलिओने दोन्ही पाय गेलेला, निळ्या पट्टीचा माणूस तीनचाकी चालवत जाऊन दुकान सांभाळू शकतो, आणि पिवळ्या पट्टीच्या बौद्धिक दिव्यांग तरुणावर चोवीस तास डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावे लागते. अवयवाचे नुकसान किती आणि रोजच्या जगण्यात दुसऱ्याची मदत किती, ही दोन वेगळी मापे आहेत. कायद्याला हे ठाऊक आहे. त्याने अतिसाहाय्याची गरज ही निराळी कल्पना मांडली आणि कलम ३८ मध्ये तिच्या मूल्यांकनासाठी मंडळाची तरतूद केली. आणि कलम २४ मध्ये अशा व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचे नाव घेऊन ठेवले. सांभाळ करणारी व्यक्ती कोण, याच्या व्याख्येत आई-वडील आणि घरातली इतर माणसे स्पष्टपणे आहेत, मोबदला मिळो वा न मिळो.

केरळने आश्वासकिरणम् योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी दरमहा ६०० रुपये ठेवले. आपल्याला लागूनच असलेल्या कर्नाटकाने २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस असलेल्यांच्या काळजीवाहकांसाठी दरमहा १००० रुपयांची घोषणा केली. अक्कलकोटच्या सीमेपलीकडे ज्या कामाला किंमत मिळते, त्याला अलीकडे का मिळू नये?

हा हक्क जगात कुठेच आपसूक आलेला नाही. ब्रिटनने १९७६ मध्ये सांभाळणाऱ्यांसाठी भत्ता सुरू केला, तेव्हा नवऱ्याबरोबर राहणाऱ्या विवाहित स्त्रियांना त्यातून वगळले होते. घरातल्यांची सेवा त्यांनी करायचीच, असा समज होता. आजारी आईसाठी नोकरी सोडलेल्या जॅकलिन ड्रेक या विवाहितेने त्याला आव्हान दिले आणि जून १९८६ मध्ये युरोपीय न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. ‘बाईनेच करायचे, त्यात भत्ता कसला’ हे वाक्य आपल्या घराघरांत आजही ऐकू येते. धोरण आखणारेही त्याच घरांतून आलेले असतात.

म्हणून सल्ला देणाऱ्यांत सांभाळणारी माणसे हवीत. जिल्हा पातळीवर याचा एक चांगला नमुना आधीच आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्या प्रौढांसाठी पालक नेमणाऱ्या स्थानिक स्तर समितीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिघे बसतात. अधिकार, कामाचा अनुभव आणि जगलेला अनुभव एकाच टेबलाशी. २०१६ च्या कायद्याच्या कलम ७२ मधल्या जिल्हास्तरीय समितीतही हीच रीत पाळावी आणि चौथी जागा सांभाळणाऱ्या व्यक्तीला द्यावी. तिच्या गैरहजेरीत घरी कोण थांबेल याची व्यवस्था आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई बैठकीच्या खर्चातच धरावी. नाहीतर निमंत्रण पोचेल, पण बाई पोचणार नाही.

समितीची वाट न पाहता आजच करण्यासारखेही एक काम आहे. कलम ३८ खाली अतिसाहाय्यासाठीचा अर्ज दिव्यांग व्यक्ती स्वतः करू शकते, किंवा तिच्या वतीने कोणतीही व्यक्ती वा संस्था. शाळा, कामगार संघटना, महिला बचत गट, महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी, कुणीही वस्तीवस्तीत बसून हे अर्ज भरून देऊ शकतात. सोलापुरातून ते शेकड्यांनी जावेत. अर्ज आले की मूल्यांकन करावे लागेल. मूल्यांकन झाले की जिल्ह्यात किती घरांना अशी मदत लागते तो आकडा हाती येईल. आणि त्या आकड्यावरून आयुक्ताने शिफारस केली की काळजीवाहक भत्त्याची तरतूद का झाली नाही, याचे कारण सरकारला लेखी द्यावे लागेल.