शाळा चांगली, हे कशावरून ठरवायचं?



मे महिना सरत आला की आमच्या गटांच्या बैठकीत कर्जमागणीचं कारण बदलतं. एरवी शेळी, शिलाई मशीन, बियाणं, दवाखाना अशी कारणं असतात. मेच्या शेवटी मात्र एकच कारण निघतं, लेकराची फी. मागच्या वर्षी एका ताईंनी 15 हजार मागितले. मुलगी चौथीत जाणार होती. तिला गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून काढून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालायचं होतं. फीचा पहिला हप्ता, व्हॅनचे पैसे, बूट, टाय असा सगळा हिशोब त्यांनी कागदावर मांडून आणला होता.

आम्ही विचारलं, "ताई, आपल्या शाळेत काय कमी आहे?"

"तिथं काय शिकवत्यात?" त्या म्हणाल्या.

"काय शिकवत नाहीत, ते सांगा ना."

त्यांना सांगता आलं नाही. खरं बोलायचं तर बैठकीत बसलेल्या आम्हा कुणालाच आलं नाही. निम्म्या बायांची लेकरं त्याच शाळेत जात होती. एक म्हणाली, शाळेला रंग छान दिलाय. दुसरी म्हणाली, गुरुजी कधी कधी उशिरा येतात. तिसरी म्हणाली, तिकडची पोरं फडाफडा इंग्रजी कविता म्हणतात. आमचं लेकरू रोज पाच तास जिथं बसतं, तिथं त्याला काय येऊ लागलं, हे एकीलाही माहीत नव्हतं. आम्ही कर्ज नाकारलं नाही, फक्त पंधरा दिवस थांबू म्हटलं.

आता बघा, आपल्या गटाची पारख बँक कशी करते? आपला फलक केवढा आहे, साड्या एका रंगाच्या आहेत का, हे कुणी विचारत नाही. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे या पंचसूत्रीवर गट तपासला जातो. वही उघडली की गट कसा आहे ते कळतं. शाळेचीही अशी एक वही असते, आणि ती म्हणजे लेकरू. सुरुवात तिथून करायची. त्यासाठी शाळेत जायचीही गरज नाही, ओट्यावर बसून करता येतं.

प्रथम ही संस्था 2005 पासून ‘असर’ नावाची पाहणी करते. तिचे कार्यकर्ते शाळेत नाही, खेड्यातल्या घरोघरी जातात आणि मुलांना साधा मजकूर वाचायला देतात. आधी अक्षरं, मग सोपे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठपर्यंत सहज पोचतं ते लिहून घेतात. गणितात अंक ओळखणं, हातच्याची वजाबाकी आणि भागाकार. अवघड काहीच नाही त्यात. आम्ही तेच केलं. दुसरीचं बालभारतीचं पुस्तक घेतलं आणि दोन संध्याकाळी वाडीवर बसून तिसरी ते पाचवीच्या लेकरांना एकेक करून जवळ बोलावलं.

पहिल्याच पोरानं धडा असा घडाघडा म्हटला की त्याची आई फुलून गेली. आमच्यातल्या एका मावशींना शंका आली. त्यांनी चित्रावर हात ठेवला, चार पानं उलटली आणि मधल्याच ओळीवर बोट ठेवलं. पोरगं गप्प झालं. धडा पाठ होता, वाचता येत नव्हता. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा, की न शिकवलेलं पान द्या. किराणाची जाहिरात द्या, एसटीच्या पाट्या दाखवा, पंचायतीची नोटीस द्या. वाचता येणारं लेकरू कुठलाही कागद वाचतं.

ज्या मैत्रिणींना स्वतःला वाचता येत नाही त्या म्हणतील, आम्ही काय तपासणार? तुमच्याकडे गटाचं पासबुक आहे. त्यात तुमची बचत किती आणि हप्ता किती, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. ते लेकराला वाचायला सांगा. चुकलं की तुम्हाला लगेच कळेल. गोष्ट वाचून झाली की पुस्तक मिटवा आणि विचारा, "काय झालं रे गोष्टीत?" अक्षराला अक्षर जोडून दमलेल्या लेकराला गोष्ट सांगता येत नाही. हे ओळखायला शिक्षण लागत नाही, कान लागतो. वजाबाकीही तशीच. 63 रुपयांचा बाजार केला, शंभराची नोट दिली, परत किती? लेकरानं आधी तोंडी सांगावं, मग कागदावर करून दाखवावं. दुकानात बसणारी पोरं तोंडी पटकन 37 म्हणतात आणि कागदावर 43 लिहितात. तीनातून शून्य काढून तीन, दहातून सहा काढून चार. म्हणजे हातचा समजलेला नाही, नुसती रीत घोकली आहे.

आमच्या दोन संध्याकाळचा निकाल चांगला नव्हता. गोष्ट नीट वाचणारी लेकरं निम्म्याहून कमी निघाली. त्यात दोघं-तिघं असे होते की प्रगतिपत्रकावर ब-1 आणि वाचन शब्दांवर अडकलेलं. पण सुट्टीला घरी आलेली इंग्रजी शाळेची चार पोरंही आम्ही त्याच ओट्यावर बसवली. त्यांनी इंग्रजी ओळ झकास म्हटली, पण अर्थ विचारल्यावर एकालाच सांगता आला, आणि मराठी गोष्ट चौघांपैकी दोघांना वाचता आली नाही. ही चार पोरं म्हणजे सगळ्या इंग्रजी शाळा नव्हेत, हे आम्हाला कळतं. पण टाय बांधला म्हणजे वाचता येतं असं नाही, एवढं तरी त्या ताईंनी डोळ्यांनी पाहिलं.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर आम्ही शाळेत गेलो. आधी मुख्याध्यापकांना विचारून दिवस ठरवला. पंधरा ऑगस्टला किंवा स्नेहसंमेलनाला शाळा बघू नका, त्या दिवशी सगळं झाडलेलं असतं आणि पहिल्या बाकावरची हुशार पोरगी भाषण करते. साधा मंगळवार निवडा, जेवणाच्या सुट्टीनंतरचा. आणि पहिल्या बाकावर नाही, शेवटच्या ओळीत बसा. हुशार लेकरू कुठल्याही शाळेत शिकतं, त्यात शाळेचं श्रेय थोडं. आमच्याकडची बरीच घरं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्या घरची पोरगी वर्गात परत येते तेव्हा तिचं काय होतं, यावर आम्ही शाळा ओळखतो. तिला मागं बसवून पुढचा धडा चालू राहतो, की तिच्यासाठी कुणी मागचं पान उघडतं? आमच्या शाळेत तिला मागं बसवलेलं होतं. वही कोरी नव्हती, उलट सुंदर अक्षरात भरलेली होती. फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवलेलं. त्यातलं एक वाक्य वाच म्हटल्यावर तिनं मान खाली घातली.

वह्या जरूर बघा. लाल शाईची बरोबरची खूण सगळीकडे असेल आणि चूक एकही नसेल, तर लेकरू स्वतः लिहीत नाही असं समजा. स्वतः लिहिणाऱ्याच्या वहीत चुका असतात, आणि शिकवणाऱ्याच्या हातच्या दुरुस्त्याही असतात. वाचनालयाची पुस्तकं कपाटात कुलूपबंद आणि कोरी करकरीत असतील तर ती वापरली जात नाहीत. कोपरे दुमडलेली, जरा मळलेली पुस्तकं दिसली की आम्हाला बरं वाटतं. मुलींच्या शौचालयाला कडी आहे का, पाणी आहे का, किल्ली कुणाकडे असते, हे मोठ्यांना नाही, पाचवीच्या मुलीला बाजूला घेऊन विचारा. लेकरं शिक्षकांना न घाबरता प्रश्न विचारतात का तेही बघा. मारणं आणि अपमान करणं या दोन्हींना शिक्षण हक्क कायद्यानं मनाई आहे.

पोषण आहाराच्या बाबतीत तर आपल्याला कुणी शिकवायला नको. पहिली ते पाचवीच्या लेकरामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ धरलेली आहे. सहावी ते आठवीला 150 ग्रॅम आणि 30 ग्रॅम. म्हणजे पाचवीपर्यंतची 40 लेकरं हजर असतील तर 4 किलो तांदूळ आणि 800 ग्रॅम डाळ शिजायला हवी. पातेलं बघून आपल्याला अंदाज येतो. हजेरीपटावर 40 आणि पंगतीला 28 दिसली, तर नेमकं काय ते नम्रपणे विचारायचं.

एक गोष्ट मात्र न्यायानं बोलायला हवी. आमच्या शाळेत पाच वर्ग आहेत आणि शिक्षक दोन. कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत 60 मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. म्हणजे एक शिक्षक एका वेळी दोन-तीन वर्ग सांभाळतो. शिवाय निवडणूक आणि जनगणना या कामांना त्याला जावंच लागतं, आणि ऑनलाइन माहिती भरण्यात दुपार जाते ती वेगळी. म्हणून शिक्षक एकाच वर्गापाशी उभा दिसला तर लगेच नाव ठेवू नका. त्या वेळी बाकीच्या दोन वर्गांच्या हातात काय काम आहे, ते बघा. चांगला शिक्षक दुसऱ्या वर्गाला जोडीनं वाचायला, चिंचोके मोजायला लावून मग इकडे वळतो. नुसतं "गप्प बसा, शुद्धलेखन काढा" ऐकू आलं तर वेळ वाया जातोय. वर्षाला पाचवीपर्यंत किमान 200 दिवस आणि 800 तास शाळा भरायला हवी, असं कायदा सांगतो. त्यातले किती तास लेकराच्या हाताला आणि डोक्याला काम होतं, हा खरा हिशोब आहे.

आणि आमचीही चूक सांगतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आमच्या गटांतल्या तिघी त्या समितीवर होत्या. एक तर दोन वर्षं होती. बैठकीचा कागद घरी यायचा, त्या "सही कुठं करू?" एवढंच विचारायच्या. शाळा विकास आराखडा ही समिती करते, हे त्यांना आम्ही सांगितलं तेव्हा कळलं. गटाच्या ठराव वहीत वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे आम्हीच शिकवतो. शाळेच्या वहीबाबत आम्ही कधी बोललोच नव्हतो.

आमच्या वाचन तपासणीचा कागद घेऊन आम्ही समितीच्या बैठकीला गेलो. गुरुजींना राग आला. "तुम्ही आमची परीक्षा घेता का?" असं ते म्हणाले. आमच्यातल्या एका काकू शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या गटाचं पण ऑडिट होतं. आम्हालाही पहिल्यांदा राग आला होता." थोड्या वेळानं गुरुजींनीच सांगितलं की तिसरीच्या वर्गात तीन पातळ्यांची मुलं आहेत हे त्यांना माहीत आहे, पण पुस्तक संपवायची घाई असते. मग असं ठरलं की रोज पहिला एक तास इयत्ता विसरायची. अक्षरवाली एकीकडे, शब्दवाली एकीकडे, गोष्ट वाचणारी एकीकडे. बाई एक गट घेतील, गुरुजी एक, आणि गोष्ट वाचणारी मुलं स्वतः वाचतील. आमच्यातल्या शिकलेल्या सुना आठवड्यातून दोन संध्याकाळी ओट्यावर वाचन घेतील. गुरुजींनी तो तास खरोखर सुरू केला. सगळे दिवस झाला नाही, पण बरेच दिवस झाला.

गुरुजींशी बोलून काही हाललं नसतं तर? मग समितीत ठराव, त्याची प्रत केंद्रप्रमुखांना, तिथून गटशिक्षणाधिकाऱ्यांना, आणि ग्रामसभेत विषय. हा रस्ता आहेच. पण पहिल्याच दिवशी तक्रार अर्ज घेऊन निघू नका. दोन शिक्षकांच्या शाळेत एक दुखावला तर निम्मी शाळा दुखावते.

दिवाळीच्या आधी आम्ही पुन्हा तेच पुस्तक घेऊन बसलो. शब्दांवर अडकलेल्यांपैकी काही जण उताऱ्यापर्यंत आले होते. काही होते तिथंच होते. भागाकार बहुतेकांना अजून जमत नव्हता.

कर्ज मागणाऱ्या ताईंनी जूनमध्येच अर्ज मागं घेतला होता. "दिवाळीपर्यंत बघते, नाही तर पुन्हा मागेन" असं म्हणाल्या होत्या. दिवाळीला त्यांनी लेकीकडून पासबुक वाचून घेतलं आणि तिला याच शाळेत ठेवलं. दुसऱ्या एका ताईंनी मात्र त्याच ओट्यावर सगळं पाहूनही मुलाला तालुक्याला घातलं, आणि गटानं त्यांना कर्ज मंजूर केलं. त्यांचा मुलगा सुट्टीला आला की त्यालाही आम्ही गोष्ट वाचायला बसवतो, त्यांची ना नसते. ऊसतोडीची घरं परत आली की एप्रिलमध्ये पुन्हा बसणार आहोत. या वेळी यादीत पहिलं नाव त्या शेवटच्या ओळीतल्या पोरीचं आहे.