रेषेची कोणती बाजू?

समीकरणाशी आपला परिचय शाळेतच होतो. असमीकरण नावाचे त्याचे भावंड मात्र बहुतेकांच्या स्मरणातून लवकरच जाते; आणि व्यवहारात पदोपदी भेटते ते हे भावंडच. घरखर्च नेमका अमुक व्हावा असे कोणी म्हणत नाही; तो अमुक रकमेच्या आत राहावा, असे म्हणतात. ‘याहून कमी’ आणि ‘याहून अधिक’ यांच्या ज्या खुणा आपण वापरतो, त्या इंग्लंडमधील टॉमस हॅरियट यांच्या ग्रंथात १६३१ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, छापल्या गेल्या.

हाताशी कागद-पेन्सिल असल्यास एका वसतिगृहाच्या कोठीचा हिशेब मांडून पाहू. जिन्नस दोनच: ज्वारीचे पीठ आणि तुरीची डाळ. शंभर ग्रॅम पिठातून १० ग्रॅम व तेवढ्याच डाळीतून २० ग्रॅम प्रथिने मिळतात, असे सोयीसाठी धरू. पिठाची शंभर-शंभर ग्रॅमची मापे क्ष, डाळीची य. प्रत्येकास दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने मिळावीत, ही पहिली अट:

१०क्ष + २०य ≥ ६०

या रूपात ती खरी आहे, पण मुकी आहे. य एकटा डावीकडे ठेवू. दोन्ही बाजूंतून १०क्ष वजा करून २० ने भागले की मिळते:

य ≥ −½क्ष + ३

आता अट बोलू लागली. शेवटचा ३ सांगतो की, पीठ मुळीच नसेल तर डाळ ३०० ग्रॅम लागेल. रेषा य-अक्षाला तेथेच छेदते. क्ष-मागचा −½ हा रेषेचा चढ. पीठ शंभर ग्रॅम वाढले की डाळ पन्नास ग्रॅम कमी चालते, हा त्याचा अर्थ. आणि य मोठा हवा, म्हणून आपली जागा रेषेवर किंवा रेषेच्या वरच्या बाजूस.

दुसरी अट स्वयंपाक्याची: पीठ डाळीच्या दुपटीहून कमी नसावे.

क्ष − २य ≥ ०

येथेही खूण ‘अधिक’चीच दिसते, म्हणून घाईने पुन्हा वरची बाजू रंगवण्याचा मोह होतो. पण क्ष पलीकडे नेला की −२य ≥ −क्ष असे उरते, आणि −२ ने भागताना खूण उलटवावी लागते:

य ≤ ½क्ष

खूण का उलटते? विद्यार्थी हा नियम पाठ करतात, आणि पाठ केलेले परीक्षेत नेमके विसरतात. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली धन आणि ऋण हे शब्द वापरले. त्या शब्दांतच उत्तर आहे. गाठी दोन रुपये असलेला माणूस पाच रुपये असलेल्याहून गरीब. पण दोन रुपयांचे ऋण असलेला पाच रुपयांचे ऋण असलेल्याहून सुस्थितीत! २ < ५, परंतु −२ > −५. ऋण संख्येने गुणले वा भागले की धनाचे ऋण होते, आणि थोरला-धाकटा हा क्रम फिरतो. केवळ वजा करताना तो फिरत नाही, कारण दोघांच्याही खिशातून सारखीच रक्कम जाते.

शंका वाटल्यास एखादा बिंदू घेऊन पडताळा पाहावा. पहिल्या अटीत क्ष आणि य दोन्ही शून्य घातले की ० ≥ ६० असे खोटे विधान मिळते. म्हणजे आरंभबिंदूची बाजू वर्ज्य. दुसऱ्या अटीला हा बिंदू निरुपयोगी, कारण तो रेषेवरच पडतो. तेथे क्ष = ४, य = १ घ्यावा.

तिसरी अट, पीठ ४०० ग्रॅमच्या वर नको: क्ष ≤ ४. हिच्यात य नाहीच. तेव्हा चढ-छेदाचे रूप हिला देता येत नाही. उभी रेषा काढून तिच्या डावीकडे राहावे, एवढेच.

आता पीठ शंभर ग्रॅमला ५ रुपये व डाळ १५ रुपये धरा. तिन्ही अटींनी एक त्रिकोण बनतो. त्याचे कोपरे (३, १½), (४, १) आणि (४, २). सर्वांत स्वस्त जागा अशा कोपऱ्यातच सापडते. खर्च अनुक्रमे साडेसदतीस, पस्तीस आणि पन्नास रुपये. म्हणजे ४०० ग्रॅम पीठ, १०० ग्रॅम डाळ. ज्याने खूण उलटवली नाही त्याच्या आकृतीतून हा कोपराच निसटतो, आणि साडेसदतीसाखाली त्याला उत्तर मिळत नाही. शंभर मुलांच्या वसतिगृहात हा फरक दिवसाला अडीचशे रुपयांचा झाला.

जॉर्ज स्टिग्लर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९४५ साली हाच प्रश्न ७७ खाद्यपदार्थ आणि ९ पोषक घटक घेऊन मांडला. ७७ अज्ञातांची आकृती कागदावर कशी काढणार? त्याने अंदाजाने वर्षाचा खर्च ३९ डॉलर ९३ सेंट काढला. १९४७ साली जॉर्ज डँट्झिग यांनी कोपऱ्याकोपऱ्याने पुढे सरकण्याची रीत शोधली, आणि तिची कसोटी याच प्रश्नावर लागली. गणकयंत्रांवर बसलेल्या नऊ कारकुनांना मिळून सुमारे १२० मनुष्यदिवस लागले. उत्तर आले ३९ डॉलर ६९ सेंट.