दूध केंद्रावरील गंधकाम्ल : हाताळणी आणि दक्षता

दुधाचा भाव त्यातील स्निग्धांशावर, म्हणजे फॅटवर ठरतो, ही गोष्ट आता गावोगावच्या दूध उत्पादकांच्या अंगवळणी पडली आहे. पुष्कळ संकलन केंद्रांवर विजेवर चालणारी यंत्रे आली असून ती पाहता पाहता आकडा दाखवितात. तथापि त्या आकड्याविषयी सभासदाने शंका घेतली, किंवा यंत्र बरोबर मोजते की नाही हे पडताळून पाहावयाचे झाले, म्हणजे जुन्या गर्बर पद्धतीकडेच वळावे लागते. निक्लाउस गर्बर या स्विस रसायनज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत बसविली. तिच्यात दुधाच्या प्रत्येक नमुन्यामागे १० मि.लि. गंधकाम्ल लागते. त्यामुळे एरवी रसायनशाळेच्या कपाटात कुलपाआड राहावयाचे हे द्रव्य खेड्यातील एका खोलीत, दुधाच्या कॅनांशेजारी आणि लहान मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर येऊन बसले आहे.

गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक आम्ल, शेतकऱ्यास अगदीच अपरिचित नाही. ट्रॅक्टरच्या बॅटरीत असते ते हेच. मात्र भारलेल्या बॅटरीत त्याचे प्रमाण वजनाने शंभरात सदतीस भागांच्या आसपास असते, आणि बाजारातील तीव्र आम्लात ते अठ्ठ्याण्णव भाग असते. बॅटरीचे पाणी हातावर उडाले आणि धुतल्यावर काही झाले नाही, या अनुभवावरून तीव्र आम्लाविषयी अंदाज बांधणे ही मोठी चूक होय. तीव्र आम्ल दिसावयास तेलासारखे दाट असते आणि त्याला वासही जवळजवळ नसतो. आग किंवा धूर नसल्यामुळे त्याच्या सामर्थ्याची कल्पना नवख्या माणसास येत नाही. ते पाण्याचे अत्यंत ओढाळ आहे. बाटली उघडी राहिली तर हवेतील दमट अंश ओढून घेते. साखर, लाकूड, कागद, सुती कापड यांतील पाण्याचे घटक ओढून घेऊन त्यांचा कोळसा करते. त्वचेचीही तीच गत होते.

पाण्याशी त्याची गाठ पडली म्हणजे भयंकर उष्णता निर्माण होते, आणि या केंद्रांवरील अपघातांचे मूळ पुष्कळदा येथेच असते. आम्लाचे वजन पाण्याच्या १.८४ पट आहे. त्यामुळे आम्लावर पाणी ओतले तर ते खाली न जाता वर तरंगते, दोहोंच्या सांध्यावर क्षणात उकळते आणि उकळताना आम्लाचे शिंतोडे बरोबर घेऊन तोंडावर उडते. उलट, पाण्यात आम्ल बारीक धारेने सोडले तर जड आम्ल खाली उतरते आणि निघालेली उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. म्हणून पाण्यात आम्ल सोडावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये, असे शाळेतील विद्यार्थ्यासही शिकविले जाते.

मग शिकलेलीसवरलेली माणसेही चुकतात कशी? याचे कारण गर्बर पद्धतीच्या गरजेतच आहे, असे माझे मत झाले आहे. या कामास अठ्ठ्याण्णव टक्क्यांचे आम्ल चालत नाही; ते स्निग्धांशही करपवून टाकते आणि आकडा वाचता येत नाही. नव्वद-एक्क्याण्णव टक्क्यांचे आम्ल लागते. हिशेब केला तर लिटरभर तीव्र आम्लास जेमतेम दीडशे मि.लि. पाणी पुरते. आता भरलेली बाटली समोर आहे आणि पेलाभरच पाणी मिसळावयाचे आहे, अशा वेळी साऱ्या बाटलीतील आम्ल दुसऱ्या भांड्यात काढण्यापेक्षा तेवढे पाणी बाटलीतच ओतून टाकावे, असा मोह होणे अगदी साहजिक आहे. नियम पाठ असतो, पण हात सोयीच्या दिशेने जातो. शिवाय पाणी इतके थोडे असते की योग्य क्रमाने मिसळतानादेखील मिश्रण खूप तापते आणि थंड पाण्याच्या टोपात ठेवलेल्या उष्णतारोधक काचेच्या भांड्यातच ते थोडेथोडे करावे लागते. तेव्हा गावच्या संस्थेने या भानगडीत मुळीच पडू नये. गर्बरसाठी तयार केलेले योग्य शक्तीचे आम्ल बाजारात मिळते, तेच घ्यावे. चार पैसे अधिक पडले तरी एका डोळ्याच्या मानाने ते काहीच नाहीत.

चौकस वाचक येथे विचारील, की गर्बरच्या नळीत तर आधी आम्ल घालतात आणि त्यावर दूध सोडतात; दुधात तर बहुतांश पाणीच असते; मग नियम कोठे राहिला? प्रश्न रास्त आहे. ब्यूटायरोमीटर नावाच्या त्या नळीत प्रथम १० मि.लि. आम्ल, त्यावर १०.७५ मि.लि. दूध आणि शेवटी १ मि.लि. अमाइल अल्कोहोल घालतात. येथे क्रम उलटा असल्यामुळेच अधिक जपावे लागते. दूध नळीच्या आतील भिंतीवरून अगदी हळू उतरवावयाचे, म्हणजे ते आम्लावर वेगळा थर करून राहते आणि मिसळण हे रबरी बूच घट्ट बसल्यानंतरच होते. घाईने सरळ धार सोडली तर उघड्या नळीतच उकळी फुटते. बूच लावल्यावर नळी जाड फडक्यात धरावी, बुचावर अंगठा असावा आणि नळीचे तोंड आपल्याकडे किंवा शेजाऱ्याकडे नसावे. हलविताना नळी हाताला सोसवणार नाही इतकी तापते. फडके नसेल तर दचकून ती हातून सुटते. पुढे सेंट्रिफ्यूज यंत्रात नळ्या समोरासमोर जोडीने ठेवाव्यात. मिनिटास अकराशे फेरे घेणाऱ्या यंत्रात एका बाजूचा भार कमी पडला तर नळ्या फुटतात. झाकण लावल्याशिवाय यंत्र सुरू करू नये आणि ते पूर्ण थांबल्याशिवाय झाकण काढू नये. आम्ल किंवा दूध मोजताना पिपेट तोंडाने ओढण्याची जुनी सवय सर्वथा टाकली पाहिजे. आम्लासाठी आपोआप १० मि.लि. देणारे माप वापरावे.

हीच उष्णता माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत कामास लावलेली आहे. मातीतील सेंद्रिय कर्ब मोजण्याची वॉक्ली आणि ब्लॅक यांची १९३४ सालची पद्धत आजही रूढ आहे. तिच्यात एक ग्रॅम मातीवर पोटॅशियम डायक्रोमेटचे १० मि.लि. द्रावण आणि त्यावर २० मि.लि. तीव्र गंधकाम्ल घालतात. शेगडी लागत नाही. आम्ल व पाणी यांच्या भेटीतून निघालेल्या उष्णतेवरच क्रिया घडते. शेतकऱ्याच्या हाती येणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेतील सेंद्रिय कर्बाचा आकडा बहुधा असाच काढलेला असतो. तेथे आम्लाच्या जोडीला ते नारिंगी डायक्रोमेटही घातक असते, कारण त्यातील क्रोमियम कर्करोगास कारण होऊ शकते. त्याचे उरलेले द्रावण मोरीत किंवा विहिरीच्या आसपास कधीही टाकू नये. वेगळ्या बंद कॅनमध्ये साठवून ते घातक कचरा नेणाऱ्या अधिकृत व्यवस्थेकडेच द्यावे.

काम करणाराने डोळ्यांस बाजूंनीही झाकणारा चष्मा लावणे हे सर्वांत महत्त्वाचे होय. नंबराचा चष्मा त्या जागी चालत नाही. दवाखान्यात वापरतात तसले पातळ हातमोजे तीव्र आम्लापुढे टिकत नाहीत; निओप्रीन किंवा ब्यूटिल रबराचे जाड हातमोजे घ्यावेत. अंगावर रबरी एप्रन आणि पायांत बंद बूट असावेत. सुती सदऱ्यावर पातळ आम्लाचा थेंब पडला तर त्या वेळी काहीच दिसत नाही. पाणी उडून जाते, आम्ल मागे राहून तीव्र होत जाते आणि पुढच्या धुण्यात तेथे भोक पडते. ज्यांच्या सदऱ्यांना अशी बारीक भोके दिसतात, त्या परीक्षकाच्या कामाची पद्धत एकदा समक्ष पाहावी, असे मी संस्थांच्या सचिवांस नेहमी सुचवितो.

एका केंद्रावर मी गेलो असता खिडकीत शीतपेयाची एक बाटली दिसली. अर्धी भरलेली, चिठ्ठी नाही. मोठी बाटली उचलावयास जड, म्हणून रोजच्यापुरते आम्ल तीत काढून ठेवले होते. त्याच खिडकीशी दुपारी मुले डबा खावयास बसत. परीक्षक मनुष्य कामात चोख होता, नळीतला आकडा कधी चुकवीत नसे. परंतु ही बाटली त्याच्या डोळ्यांस रोजची झाली होती. आम्ल त्याच्या मूळ बाटलीतच, नावाची चिठ्ठी शाबूत ठेवून राहावयास हवे. अडीच लिटरची भरलेली बाटली पाच किलोंच्या वर भरते. ती मानेला धरून उचलू नये, एक हात बुडाशी द्यावा. ती फळीवर न ठेवता जमिनीलगतच्या कुलपाच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या खोलगट ताटात ठेवावी. त्याच कपाटात ब्लीचिंग पावडर ठेवण्याची चूक सर्रास होते, कारण दोन्ही वस्तू केंद्रास रोज लागतात. दोहोंचा संबंध आला तर क्लोरीन हा विषारी वायू सुटतो आणि लहान खोलीत श्वास घेणे अशक्य होते.

एवढे करूनही अपघात झालाच तर पाणी हाच पहिला उपाय. आम्लात पाणी ओतू नये असे वर सांगितले, म्हणून काही जण अंगावर उडालेल्या आम्लावरही पाणी घालण्यास कचरतात; तसे मुळीच करू नये. थोडे पाणी नव्हे, वाहते व भरपूर पाणी ताबडतोब सोडावे, म्हणजे ते आम्लाबरोबर उष्णताही वाहून नेते. भिजलेले कपडे लगेच उतरवावेत आणि निदान वीस मिनिटे धुवीत राहावे. डोळ्यात गेले असल्यास पापण्या बोटांनी उघड्या धरून तितकाच वेळ संथ धार सोडावी आणि मग थेट रुग्णालय गाठावे. हळद, तूप, दंतमंजन, चुना किंवा सोडा यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. आम्ल पोटात गेले तर उलटी करवू नये. मिनिटास सहा लिटर या बेताने वीस मिनिटांस एकशेवीस लिटर पाणी लागते. तेव्हा जेथे नळास दिवसाआड पाणी येते, तेथे दोनशे लिटरचे तोटीचे पिंप केवळ याच कामासाठी भरून ठेवावे. उन्हाळ्यात त्यातले पाणी कॅन धुण्यास वापरण्याचा मोह होईल, तो आवरावा.

सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०१३ च्या आदेशाने आम्लाच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध आले. विक्रेत्याने खरेदीदाराचे नाव, पत्ता व प्रमाण नोंदवावयाचे आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीस आम्ल द्यावयाचे नाही. ज्या शैक्षणिक संस्था, प्रयोगशाळा व शासकीय खाती आम्ल बाळगतात, त्यांनी वापराची नोंदवही ठेवून ती उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे सादर करावयाची आणि साठ्यास एक जबाबदार व्यक्ती नेमावयाची आहे. दूध संस्थेनेही अशी वही ठेवावी. शंभर नमुन्यांस एक लिटर हा हिशेब सरळ आहे. वहीतील शिल्लक आणि बाटलीतील शिल्लक जुळली नाही तर त्याच दिवशी शोध घेता येतो.

तपासणी झालेल्या नळ्यांतील तपकिरी पाणी गटारात किंवा उकिरड्यावर ओतण्याची रीत बंद केली पाहिजे. ते अजूनही कडक आम्लच असते. ते जस्ती बादलीत किंवा ॲल्युमिनियमच्या कॅनमध्येही साठवू नये, कारण पातळ होताच ते धातूस खाते आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. जाड प्लॅस्टिकच्या पिंपात आधी आठ-दहा पट पाणी घ्यावे, त्यात हे पाणी हळूहळू सोडावे, निवू द्यावे आणि मग विरलेला चुना थोडाथोडा घालीत लाकडी दांड्याने ढवळावे. कळीचा चुना घेऊ नये, तो स्वतःच तापतो. शंभर नमुन्यांच्या आम्लास साधारण सव्वा किलो शुद्ध विरलेला चुना लागतो. बाजारचा चुना त्याहून थोडा अधिक घ्यावा लागेल. निळा लिटमस कागद बुडविल्यावर तांबडा होईनासा झाला, म्हणजे पाण्यातील आम्ल मारले गेले असे समजावे.