बोटाच्या पेराएवढे व्हायकिंग

दोस्तांनो, दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडताना त्यांचे चेहरे कधी नीट निरखलेत? एक भुवई कपाळावर चढलेली, मिशी गालावर सरकलेली! तरी तो मावळाच वाटतो, कारण त्याचा पेहराव आपल्या ओळखीचा असतो. पण हजार-बाराशे वर्षांपूर्वीची, सातासमुद्रापलीकडची माणसं रंगवायची झाली तर?

इंग्लंडमध्ये इतिहासातल्या माणसांच्या चिमुकल्या बाहुल्या रंगवण्याचा छंद खूप जणांना आहे. मुलांना तर आहेच, पण आजोबांनासुद्धा! यांतल्या प्लॅस्टिकच्या बाहुल्यांचं एक नेहमीचं प्रमाण असतं १:७२. करा बरं हिशेब! १७३ सेंटिमीटर उंचीचा माणूस उरतो फक्त २४ मिलिमीटरचा, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढा. त्यांतलीच एक जोडी आज पाहू या : व्हायकिंग लुटारू आणि मठातले साधू.

ही जोडी जमली कशी? इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ लिंडिसफार्न नावाचं छोटंसं बेट आहे. ओहोटी लागली की तिथे चालत जाता येतं. तिथे ख्रिस्ती साधूंचा मठ होता. ७९३ साली जून महिन्यात उत्तरेकडून समुद्रमार्गे लुटारू आले. त्यांनी मठ लुटला, माणसं मारली. साधूंजवळ ना ढाल ना तलवार. सगळा देश हादरला.

आता ब्रश उचलायचा ना? थांबा! आधी त्या लुटारूच्या डोक्याकडे बघा. शिरस्त्राणाला शिंगं आहेत? मग ती सरळ कापून टाका. खऱ्या व्हायकिंग योद्ध्याच्या शिरस्त्राणाला शिंगं नसत. १९४३ साली नॉर्वेत येरमुंडबू इथे त्या काळातलं एक शिरस्त्राण सापडलं. वर साधा गोल टोप आणि डोळ्यांभोवती चष्म्यासारखी लोखंडी पट्टी, बस्स. शिंगं आली ती जर्मनीतल्या रंगभूमीवरून! १८७६ साली वाग्नर या संगीतकाराच्या संगीतनाटकांसाठी कार्ल एमिल डोपलर यांनी पोशाख तयार केले. त्यांत काही पात्रांच्या डोक्यावर शिंगं होती. लोकांना ती इतकी आवडली, की आजही कार्टूनमधल्या व्हायकिंगची त्यांच्यापासून सुटका नाही.

दुसरं म्हणजे, लुटारू आहे म्हणून त्याला मळकट, पिंजारलेल्या केसांचा रंगवू नका. व्हायकिंगांच्या थडग्यांत शिंगांचे कोरीव कंगवे सापडतात. आणि एक गंमत ऐका. आल्क्विन नावाचा मोठा विद्वान त्याच मुलखातला. हल्ल्यानंतर त्याने तिथल्या राजाला पत्र लिहिलं. त्यात दुःख तर आहेच, पण एक खरमरीत तक्रारही आहे : आपली माणसं दाढी आणि केस त्या परधर्मीयांसारखे ठेवतात! म्हणजे आधीपासून त्यांची फॅशनच होती की! तेव्हा दाढी व्यवस्थित विंचरलेली दाखवा.

कपड्यांना लाल, निळा, पिवळा असे रंग खुशाल द्या. मंजिष्ठेच्या जातीच्या झाडाच्या मुळांपासून लाल रंग निघे. निळा रंग ‘वोड’ नावाच्या झाडाच्या पानांतून मिळे. आपल्या निळीत जे रंगद्रव्य असतं, तेच त्यात असतं बरं का! ढालींसाठी पुरावा हवा? नॉर्वेतच १८८० साली गोकस्टाड इथे एक अख्खं जहाज उकरून काढलं. त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून ६४ ढाली होत्या, आळीपाळीने पिवळ्या आणि काळ्या. जहाज या हल्ल्यानंतर शंभरेक वर्षांनी बांधलेलं, पण आपल्या मनाने रंग देण्यापेक्षा हे बरं.

रंगवायची रीत सोपी आहे. बाहुली साबणाच्या पाण्याने धुवा आणि बाटलीच्या बुचावर चिकटवा, म्हणजे धरायला सोपं जातं. प्रायमरचा पातळ हात द्या. मग अॅक्रिलिक रंग दुधाइतका पातळ करून लावा. तो वाळला की पाण्यासारखा पातळ, काळपट तपकिरी रंग वरून सोडा. तो चुण्यांत जाऊन बसतो आणि सावल्या आपोआप तयार होतात. शेवटी फिकट रंगात बुडवलेला ब्रश फडक्याला पुसून जवळजवळ कोरडा करा आणि उंचवट्यांवरून अलगद फिरवा. मघाची सपाट बाहुली एकदम जिवंत वाटू लागते! ब्रशला टोक काढायला तो ओठांत मात्र धरू नका. आणि आई-बाबा, धातूच्या जुन्या बाहुल्यांत शिसं असू शकतं. त्या लहान मुलांच्या हाती देऊ नका.

साधू रंगवणं सोपं वाटतं ना? खरं तर तोच अवघड. बहुतेक जण त्याला काळा झगा देऊन मोकळे होतात. पण बीड नावाच्या इतिहासकाराने साधारण ७२१ साली लिहून ठेवलंय, की लिंडिसफार्नचे साधू भारी रंगांचे कपडे वापरत नाहीत, मेंढीच्या लोकरीचा मूळचा रंगच त्यांना पुरतो. आपल्या धनगरांची घोंगडी आठवा. पांढरट, करडा, तपकिरी असे सगळे रंग एकाच कापडात लपलेले. तेव्हा एका झग्यासाठी तीन-चार छटा कालवा. डोक्याचा मधला भाग तासलेला आणि भोवती केसांचं कडं, हेही विसरू नका.

त्याच्या हातात पुस्तक असेल तर? मठातला प्रमुख संत कथबर्ट. त्याच्या शवपेटीत ठेवलेलं एक छोटं पुस्तक लुटीतून वाचलं. ८७५ साली साधूंनी बेट सोडलं तेव्हा ती पेटी ते सोबत घेऊन गेले. ११०४ साली पेटी उघडली तेव्हा पुस्तक सापडलं, आणि आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याला बकऱ्याच्या लाल चामड्याचं कव्हर आहे, तेही मूळचंच! पुस्तकाची उंची १३८ मिलिमीटर. तुमच्या साधूच्या हातात ते २ मिलिमीटरचंही भरणार नाही. लाल रंगाचा एक ठिपका पुरे. तो सगळ्यात शेवटी द्या, झग्याचा रंग पुरता वाळल्यावर.