शिफ्ट संपल्यावरची लायब्ररी

काळा घोड्याच्या गर्दीत एक शांत व्हरांडा आहे. तो आपल्यासारख्याच नोकरदार पोरांमुळे उभा राहिला!

मी धंतोलीचा. आमच्याकडे चार पावलांवर डॉक्टर सापडतो, पुस्तकाशी माझी गाठ मात्र कित्येक महिन्यांत पडलेली नाही. बाबा जेवताना विचारतात, "सध्या काय वाचतोयस?" माझं ठरलेलं उत्तर, "ऑफिसचं." ते काही बोलत नाहीत, वरणाची वाटी पुढे सरकवतात. त्यापेक्षा रागावले असते तर बरं!

परवा कामासाठी मुंबईला गेलो. रात्री दुरांतो, सकाळी सीएसएमटी. फोर्टमधली मीटिंग दुपारीच आटोपली. परतीची गाडी रात्रीची. जहांगीर आर्ट गॅलरीत टाइमपास करू म्हटलं, तर तिथल्याच एका बँकेत असलेली कॉलेजची मैत्रीण म्हणाली, "समोरच्या लायब्ररीत चल. मी मेंबर आहे."

समोर म्हणजे डेव्हिड ससून लायब्ररी. पिवळसर मालाडी दगड, टोकदार कमानी आणि आत शिरताच ससूनसाहेबांचा पुतळा. बगदादहून आलेले ज्यू व्यापारी. म्हटलं, झालं, शेठजींची इमारत नि साहेबांची लायब्ररी. आपलं काय काम इथे?

गोष्ट वेगळीच निघाली. १८४७ मध्ये सरकारी टांकसाळीत आणि गोदीत काम करणाऱ्या तरुण मेकॅनिक आणि फोरमन मंडळींनी ही संस्था काढली. यंत्रांचे नमुने जमवायचे, पुस्तकं आणायची, व्याख्यानं ठेवायची. पुढे ससूननी साठ हजार रुपये दिले. आजची इमारत १८७० मध्ये पुरी झाली, पण ती बघायला ते हयात नव्हते. मध्यंतरी वर सपाट काँक्रीटची स्लॅब आली होती. ती काढून पुन्हा उतरतं छप्पर चढवलं, आणि २०२३ मध्ये वास्तू नव्या दिमाखात खुली झाली.

वरच्या व्हरांड्यात लांबलचक आरामखुर्च्या. एक आजोबा छातीवर पेपर ठेवून मस्त झोपलेले. खाली टॅक्सींचे हॉर्न. मी एक पुस्तक घेऊन बसलो. तासाभरात वीस पानं झाली आणि चार वेळा मोबाइल काढून झाला. खोटं कशाला सांगू?

मैत्रीण दर मंगळवारी बँकेतून थेट इथे येते. "घरी वाचता येत नाही का?" मी विचारलं.

"घरी कुणीतरी हाक मारतं. इथे कुणी मारत नाही."

डोक्यात आलं, दिवसभर यंत्रांशी झटणाऱ्या त्या पोरांना तरी कुठे वेळ होता? पण थकल्यावर जाऊन बसायला आपली एक जागा हवी, हे त्यांना कळलं होतं. मी मात्र 'वेळ मिळाला की वाचू' म्हणत बसलो.

नागपूरला परतलो आणि झाशी राणी चौकातल्या सिग्नलला एकदम ट्यूब पेटली. इथेच तर विदर्भ साहित्य संघ आहे! स्थापना १९२३ची, तीही ब्रिटिश काळातलीच. शताब्दीनिमित्त २०२३ मध्ये वर्ध्याला साहित्य संमेलन झालं, त्याच्या बातम्या मी फॉरवर्डही केल्या होत्या. रोज याच चौकातून बाइक काढतो, पण संघाच्या ग्रंथालयात कधी पाऊल टाकलं नव्हतं. शनिवारी टाकलं.

रात्री जेवताना बाबांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. ते हसले नाहीत की शाबासकी दिली नाही. म्हणाले, "पुढच्या शनिवारी मलाही ने."

वाटी या वेळी मी सरकवली.

जायचंय?
डेव्हिड ससून लायब्ररी : महात्मा गांधी मार्ग, काळा घोडा, मुंबई. जहांगीर आर्ट गॅलरीसमोर. वाचनालय सभासदांचं आहे, तेव्हा नुसतं बघायचं असेल तर दारातच विचारून घ्या.
विदर्भ साहित्य संघ : झाशी राणी चौक, सीताबर्डी, नागपूर. धंतोलीकरांनो, गाडी काढू नका. चालत जा!