उत्पन्न जास्त म्हणून मेडिकेड नाकारलं, तर?

अमेरिकेतल्या मेडिकेअर आणि मेडिकेड या योजना १९६५ सालच्या एकाच कायद्यातून आल्या, त्यामुळे नावांची गल्लत होते. मेडिकेअर मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांसाठी, मेडिकेड कमी उत्पन्नवाल्यांसाठी. नर्सिंग होममधल्या दीर्घकाळच्या देखभालीचा खर्च मेडिकेअर देत नाही. तो पेलेनासा झाला की माणूस मेडिकेडकडे अर्ज करतो आणि उत्तर येतं, ‘तुमचं उत्पन्न जास्त आहे.’ पुष्कळजण इथूनच परत फिरतात. पण हे उत्तर अर्धवट असू शकतं.

काही राज्यांत ‘स्पेंड-डाउन’ नावाची सोय आहे. ती मुख्यतः वृद्ध, अपंग, मुलं आणि गरोदर स्त्रियांसाठी असते. उत्पन्नातून आजारपणाचा खर्च वजा करून उरेल ते मर्यादेत बसलं, की माणूस पात्र ठरतो.

समजा, राज्याची मर्यादा महिना १,००० डॉलर आहे आणि आजींचं उत्पन्न १,५००. म्हणजे दरमहा ५०० जास्त. हिशेबाची मुदत राज्य ठरवतं, १ ते ६ महिने. ती ६ महिन्यांची धरली, तर ३,००० डॉलरची बिलं दाखवावी लागतील. तेवढी भरली की उरलेल्या मुदतीत मेडिकेड लागू होतं.

आता महत्त्वाचं. बिल चुकतं केलेलंच असायला हवं, असं नाही. ते आपल्या नावावर लागलेलं असलं तरी चालतं. जुनं थकलेलं बिलही धरता येतं, मात्र एक बिल दोनदा नाही. विमा कंपनी भरणार असलेला भाग मोजत नाहीत. आणि जी ३,००० ची बिलं दाखवली, ती देणी आपल्याच डोक्यावर राहतात. बचतीलाही बहुधा वेगळी मर्यादा असते.

आई-वडिलांना भारतातून नेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं : १९९६ च्या कायद्याने बहुतेक ग्रीन कार्डधारकांना पहिली ५ वर्षं नेहमीचं मेडिकेड मिळत नाही.

तेव्हा आम्ही एवढंच सुचवू : औषधाच्या दुकानाची पावतीसुद्धा टाकू नका. नकाराचं पत्र आलं, तर ‘आपल्या राज्यात स्पेंड-डाउन आहे का?’ हे कचेरीत विचारा. पत्रावर अपिलाची मुदत छापलेली असते. ती आधी पाहा.